ताईचं लक्ष

यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला थाप वाटेल, त्याने इथेच थांबावं.

मंगळवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ऑफिसचा तिसरा मजला. माझा प्रोग्रामर मित्र जागेवर एकटाच होता.

त्याने ब्राउझरसाठी एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बनवलं होतं. घरून काम करणारा माणूस ब्राउझर सोडून दुसरीकडे गेला, की नोंद व्हायची... उणे एक. म्हणजे कामावर लक्ष नाही.

त्यात एक खोट होती. ब्राउझरच्याच एका विंडोतून दुसरीत गेलं, तरी मध्ये क्षणभर उणे एक यायचं. ते गाळायचं असतं. हा गाळायला विसरला.

त्याची सख्खी ताई त्याच कंपनीत भाषांतर करायची. एका विंडोत मूळ मजकूर, दुसरीत तिचा. दिवसातून हजारदा इकडून तिकडे. या नोंदींची रोज यादी निघायची, तीत तिच्याएवढं कामचुकार कोणी नव्हतं.

"अरे, मी पाण्यालासुद्धा उठत नाही," ती फोनवर म्हणाली. "तू बघ ना जरा."

त्याने बघितलं. चूक सापडलीही. पण बढती तोंडावर आली होती.

"ताई, मशीन कशाला खोटं बोलेल?" म्हणून मोकळा झाला.

तिला काढलं. तिने हाय खाल्ली, दोन महिन्यांत गेली. रडण्यात हाच सगळ्यांत पुढे.

आणि त्या मंगळवारी यादीत... तिचं नाव पुन्हा आलं.

तिचा लॅपटॉप ऑफिसच्या कपाटात होता. बॅटरी काढलेली. किल्ली याच्या खिशात.

तरी नोंद होती... लक्ष कामावर.

कुठल्या विंडोवर, ते त्याने वाचलं. ती त्याची स्वतःची विंडो होती.

त्याने घाईने दुसरी उघडली. तिच्या नावापुढची विंडोही बदलली... मध्ये उणे एक आलं नाही.

अकरा दिवस हेच. शेवटी तो चूक कबूल करायला साहेबांकडे गेला. साहेब यादीच बघत होते.

"ही कोण रे? अकरा दिवस एकदाही लक्ष ढळलं नाही. हिला काढलं कोणी?"

"साहेब, ती माझी बहीण. ती..." साहेबांनी पुढचं बोलूच दिलं नाही.

"मग आधी सांगायचं ना. तुझ्याशेजारीच बसवू."

साहेबांनी तिथल्या तिथे तिला मेलवर नेमणुकीचं पत्र पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं. एकच शब्द... "येते."

शेजारची खुर्ची रिकामीच दिसते. पण स्क्रीनवरून नजर जरा हलली, की तिथून ताईचा आवाज येतो, असं तो सांगतो.

"उणे एक."

मी तो आवाज ऐकलेला नाही. पण परवा त्याला भेटायला गेलो, तासभर बसलो. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.