कासारणीचा हात

“आधी हात ओळखायचा, मग बांगडी भरायची. घाई करायची नाही.”

सासूबाईंचं, ताराक्कांचं, हे सांगणं वैजयंताला तीस वर्षांनीही जसंच्या तसं ऐकू यायचं. ताराक्का कोळवडी गावच्या कासारीण. बांगडी चढवताना त्या मनगट आवळून धरायच्या. एखादीची बोटं आपोआप ताठ होऊन चोचीसारखी जुळली, अंगठा आत वळला, की म्हणायच्या, हिच्या अंगात चुना कमी आहे. मग तिळाचे दोन लाडू खाल्ल्याशिवाय त्या बाईची सुटका नसे.

ही गोष्ट ऐकत वाढलेल्या वैजयंताच्या मुलीनं, सानिकानं, पुण्याच्या प्रयोगशाळेत त्या गोष्टीचंच यंत्र केलं. नाव अस्थिकंकण, दिसायला साधी हिरवी बांगडी. आतला हवेचा पट्टा तीन मिनिटं मनगट आवळतो. रक्तात कॅल्शियम कमी असेल तर नसा चिडक्या होतात, बोटांत डोळ्यांना न दिसणारी थरथर येते. कंकण ती टिपतं. मग कानाला न कळणारा नाद हाडातून पाठवून हाड किती भरीव आहे ते पाहतं. हिरवी राहिली तर ठीक, केशरी झाली तर जपायचं, तांबडी झाली तर आरोग्य केंद्र गाठायचं.

“हाडं म्हणजे धान्याची कणगी,” वैजयंता बायकांना सांगायची. रक्ताला कमी पडलं की शरीर गुपचूप तिच्यातून काढून घेतं. बाहेरून कणगी उभीच दिसते. तळ लागल्याचं कळतं ते खुबा मोडल्यावर.

कोळवडीतली प्रत्येक बाई तपासून झाली, की कंकण जिल्हाभर जाणार होतं. तीनशे चाळीस नावांची यादी वैजयंतानंच केली होती. गावातलं कुठलं मनगट तिला ठाऊक नव्हतं? आज शेवटचं नाव उरलं होतं, गिरजाकाकूंचं. सानिका त्यासाठी मुद्दाम आली होती.

महिनाभर टाळाटाळ करून काकू एकदाच्या वैजयंताच्या बांगड्यांच्या दुकानात टेकल्या. पाच बाळंतपणं निभावली तेव्हा कुठं होती तुमची बांगडी, असं त्यांचं चालूच होतं. तेवढ्यात त्यांच्या हातातली बांगडी केशरी झाली.

“मग लाडू काढ की,” काकू म्हणाल्या. लाडू तोंडात टाकत त्यांनी विचारलं, “आणि वैजा, तुझा हात कुणी बघितला गं?”

वैजयंता हसली. कासारीण भरणारी, भरून घेणारी नव्हे. तिचं नाव यादीत नव्हतंच.

सानिका मात्र हसली नाही. तिनं आईचा हात मांडीवर घेतला, ताराक्कांसारखा आवळून धरला आणि वाट पाहिली. हळूहळू बोटं ताठ झाली, चोचीसारखी जुळली. मग तिनं कंकण चढवलं. ते तांबडं झालं.

“आई, तुझ्या ताटात ताक शेवटचं कधी होतं?”

“तू हे काम हाती घेतलंस तेव्हा सोडलं. दूध, दही, सगळंच.” वैजयंताचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “देवाला शब्द दिलाय. गावातल्या शेवटच्या बाईच्या हाती कंकण चढेपर्यंत.”

“मग ती शेवटची बाई कोण निघाली?”

वैजयंतानं आपल्या मनगटाकडं पाहिलं. पाच वर्षांचा नेम आत्ता, या क्षणी, पुरा झाला होता. तांबड्या रंगाची भीती वाटायची तिथं तिचा ऊर भरून आला: पोरीनं हात ओळखला होता, यंत्राच्या आधी.

उद्या रक्त तपासायचं, डॉक्टर देतील ते औषध घ्यायचं, आणि रोज डोक्यावरचा पदर काढून थोडं चढत्या उन्हात बसायचं. उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही, असं सानिकानं बजावलं आणि हातावर हात ठेवून वचन घेतलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर वैजयंतानं नैवेद्याचं दूध हातात घेतलं, डोळे मिटले आणि सावकाश पिऊन टाकलं. यादीच्या तळाशी तिनं आपलं नाव लिहिलं.

जिल्ह्यात आता किती याद्या होतील, आणि त्या लिहिणारी प्रत्येक बाई स्वतःला विसरेल का? सुईण, अंगणवाडीताई, शाळेतली स्वयंपाकीण, यांचे हात कोण ओळखणार?

दहा वाजता, सणवार नसताना पहिल्यांदाच, तिनं दुकानाची फळी लावली. पदर खांद्यावर घेतला आणि उन्हातून आरोग्य केंद्राच्या वाटेला लागली.