उलटलेला मासा

वाफेवरून उतरवलेल्या माशावर आल्याची शेवटची काडी ठेवताना लाय-कुनने मनाशी पक्कं ठरवलं... आज काय वाटेल ते होवो, मान-कित या टेबलावर बसून चार घास खाल्ल्याशिवाय पुलापलीकडे जाणार नाही.

सव्वीस वर्षं! तिचा पाठचा भाऊ एवढ्या वर्षांत ताई-ओच्या कोळीवाड्यात फिरकलाच नव्हता असं नाही. वसंतात पितरांच्या सणाला तो बापाच्या थडग्यावर यायचा, उदबत्त्या लावायचा आणि आल्या पावली बस धरायचा. पण खाडीत खांबांवर उभ्या असलेल्या या पत्र्याच्या घरात, जिथे तो जन्मला, रांगला, तिथे त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. आजही तो मनाने आला नव्हता. त्याच्या लेकीला, चिंग-यीला, शाळेने बेटावरच्या जुन्या कोळीवाड्याची माहिती लिहून आणायला सांगितली होती, आणि आपलं घर असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, म्हणून पोरगी हटून बसली होती.

"आत्या, ह्याला एवढा वास का येतो गं?" बाहेरच्या फळ्यांवर, सुपांत वाळत घातलेल्या कोलंबीच्या जांभळट लगद्यासमोर चिंग-यी नाक मुरडून उभी होती.

"वास येतो म्हणून तर लोक बोटीत बसून घ्यायला येतात, बाई. तुझ्या बापाच्या अंगालाही हाच वास होता. साबण लावून लावून घालवलाय त्याने."

मान-कित हसला नाही. "तुम्ही तिला लवकर काय ते सांगा. आम्हाला दोनची बस गाठायचीय."

तुम्ही! सख्ख्या बहिणीला तुम्ही! पण लाय-कुनने भाताच्या वाट्या मांडल्या, शेजारच्या ब्यू काकांना हाक मारली, आणि हट्टी पोराला पानावर बसवावं तसं भावाला खुर्चीकडे दटावून नेलं.

ब्यू काका एकेकाळचे तांडेल, स्वतःच्या बोटीचे कप्तान. ते आले, बसले, माशाकडे बघून समाधानाने हुंकारले. जेवण सुरू झालं. वरची बाजू संपली तशी चिंग-यीने सहज जेवायच्या काड्या माशाखाली सरकवल्या आणि तो उलटायला लागली...

"उलटू नको!" मान-कितने तिचा हात घट्ट धरला. वाटी कलंडली.

"का? खालचं कसं खायचं मग?"

"इथे मासा उलटला की ज्याच्यासाठी रांधला त्याची बोट उलटते म्हणतात." त्याने लाय-कुनकडे बोट केलं. "विचार तुझ्या आत्याला. मी सतरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा समुद्रावर निघणार होतो. ह्याच टेबलावर, सगळ्या तांडेलांसमोर, ह्यांनी माझ्या निरोपाचा मासा उलटला. चुकून नाही, मुद्दाम. बाप समुद्रात बुडून गेला त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि सख्ख्या बहिणीने मला मरण मागितलं." तो उठला. "चल, चिंग-यी."

लाय-कुन दारात जाऊन उभी राहिली. "जेवण झाल्याशिवाय कुणी जायचं नाही."

"बस खाली, मान-कित," ब्यू काका म्हणाले. "मी ऐंशीचा झालो. हे पोटात घेऊन मला मरायचं नाही."

"काका, गप्प बसा. तुम्ही मला शब्द दिलाय," लाय-कुन दारातूनच म्हणाली.

"सव्वीस वर्षं पाळला की! आणखी किती पाळू?" म्हाताऱ्याने काड्या खाली ठेवल्या. "तू शाळा सोडून माझ्या बोटीवर चढायला निघालास, त्याच्या आदल्या दिवशी ही माझ्याकडे आली. म्हणाली, काका, ह्याला नेऊ नका, ह्याचं डोकं पुस्तकात चालतं. मी म्हटलं, मी नाही नेलं तर दुसरा नेईल, बोटींना काय तोटा? हां, निरोपाच्या जेवणात कुणी मासा उलटला, तर मात्र एकही तांडेल निघणाऱ्याला बोटीच्या फळीवर उभा करणार नाही. चेष्टेत बोललो रे मी... हिने संध्याकाळी खरंच उलटला."

मान-कितने दारात उभ्या बहिणीकडे पाहिलं.

"आणि हिचं लग्न माझ्याच मुलाशी ठरलेलं. माझी बायको म्हणाली, मासा उलटणारी सून आमच्या बोटीवर नको. मला खरं ठाऊक होतं, तरी मी खाली मान घालून बसलो."

खांबांखाली भरतीचं पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. मान-कित म्हणाला, "काका, तुमची बोट तर कधीच बुडाली नाही."

"नाही. त्यानंतर वीस वर्षं चालवली, मग विकली."

"म्हणजे मी गेलो असतो तरी जगलो असतो."

"जगला असतास," लाय-कुन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ढळला नाही. "तेव्हा मला ते कुठे ठाऊक होतं? आणि आज ठाऊक असूनही मी पुन्हा उलटीन. मी तुझी माफी मागायला तुला जेवायला बसवलं नाही, मान-कित."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हसून पलीकडच्या बेटावरची बोट धरली असतीस. माझा राग आला म्हणून शहरात टिकलास, शिकलास. तो राग मला हवाच होता... फक्त तो इतकी वर्षं पुरेल असं वाटलं नव्हतं रे."

मान-कित परत खुर्चीत बसला आणि रडू लागला. बापाचं रडणं बघायची सवय नसलेली चिंग-यी आधी घाबरली, मग हळूच म्हणाली, "बाबा, मग खालची बाजू खायची कशी?"

त्याने डोळे पुसले. शेपटीजवळ काड्या घालून त्याने काटा अलगद वर उचलला, डोक्यासकट अख्खा, त्याचा बाप उचलायचा तसा, आणि बाजूला ठेवला. मासा जागचा हलला नाही. खालच्या बाजूचा सगळ्यात मऊ तुकडा त्याने उचलून लाय-कुनच्या वाटीत घातला.

"ताई, आधी तू."

त्याने चार घास खावेत म्हणून ती पहाटेपासून कंबर कसून उभी होती. पहिला घास तिलाच घ्यावा लागला.