तिसरं ‘नाही’

मी घाईत दार ढकललं आणि दारामागे उभ्या असलेल्या माणसाच्या थर्मासमधलं कोमट पाणी त्याच्याच शर्टावर सांडलं. मी माफी मागू लागले, तर तो शर्ट झटकत म्हणाला, “असू द्या. नायिकेची एन्ट्री म्हटल्यावर एवढं व्हायचंच.”

आवाज ऐकला आणि ओळख पटली. पडद्यावरच्या निम्म्या नायकांच्या तोंडी हाच आवाज असायचा. प्रत्यक्षात मात्र किडकिडीत अंगकाठी, चष्मा आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. डबिंग स्टुडिओत त्याला सगळे ‘हिरो’ म्हणत, ते थोडं चिडवायलाच.

आणि मी नायिका वगैरे काही नव्हते. शेजारच्या खोलीत कार्टूनमधल्या मुलांचे आवाज काढायचे मी. झाडावर चढायचं, शत्रूला धूळ चारायची, दुधाचा पेला सरकवून ‘नको’ म्हणायचं... सगळे मला ‘बारक्या’ म्हणत. त्या दिवशी खऱ्या नायिकेचा घसा बसला होता, म्हणून आमच्या दिग्दर्शिका बाईंनी मला इकडे पाठवलं होतं.

सिनेमा परभाषेतला होता. हेडफोन चढवले, तर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या हिरोचा श्वास थेट माझ्या कानात... मी उगाच कागद सरळ केले.

प्रसंग सोपा होता. नायक नायिकेच्या मागे मागे फिरतो. शेवटी वाट अडवून ‘चल माझ्याबरोबर’ म्हणतो. ती म्हणते, नाही. तो पुन्हा म्हणतो. नाही. तिसऱ्यांदाही ती नाहीच म्हणते, पण हसून. मग गाणं.

“तिसऱ्या ‘नाही’त जरा ‘हो’ मिसळ,” काचेपलीकडून बाई म्हणाल्या.

मी मिसळायला गेले, पण ते काही जमेना. इतकी वर्षं मुलगा होते ना! मुलानं दूध नको म्हटलं की नको. तिसरं ‘नाही’ माझ्या तोंडून असं सरळसोट निघालं की हिरो पुढचं वाक्य बोलायचाच थांबला आणि चक्क एक पाऊल मागे सरकला.

बाईंनी कपाळाला हात लावला. काय झालं, विचारलं, तर तो ओशाळून म्हणाला की मला वाटलं, हिला खरंच नकोय. रेकॉर्डिस्ट खो खो हसला. मीही हसले, पण मग मनातलं बोलूनच टाकलं. म्हटलं, बाई, मुलगा असताना माझं एक ‘नाही’ पुरायचं; मुलगी झाले तर तीन का लागतात?

बाईंना ते पटलं नाही असं नव्हतं. पण पडद्यावर ती हसतेय, त्या हसऱ्या ओठांचं मी काय करू, असं त्या म्हणाल्या. ओठांच्या हालचालीला शब्द जुळायला हवे, हा आमच्या धंद्याचा धर्म. हिरोनं पेन्सिल काढली, ओठ हलवत थोडा वेळ पुटपुटला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. आता नायक म्हणणार, ‘येशील का?’ आणि ती हसून म्हणणार, ‘आधीच विचारायचं.’ आम्ही बोलून पाहिलं. ओठांवर अगदी चपखल बसलं. बाईंनी “ठेवा” एवढंच म्हटलं; त्यांच्याकडून हे म्हणजे शाबासकीच.

संध्याकाळी लिफ्टपाशी त्यानं मला विचारलं, “उद्या कॉफी प्यायला येशील?”

दुसऱ्या दिवशी माझ्या ताईचं सामान नव्या घरी हलवायचं होतं. मी म्हटलं, “नाही,” आणि पुढचं बोलायच्या आत लिफ्टचं दार बंद झालं.

झालं. पुढचे कित्येक दिवस तो माझ्याशी हसला, बोलला, माझ्या घशासाठी थर्मास घेऊन आला, कामातल्या गमती सांगत राहिला... पण पुन्हा विचारलं म्हणून नाही. रविवारी मला काहीच काम नसतं, असं मी रेकॉर्डिस्टला त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, “छान, आराम कर.”

मी ताईपुढे रडगाणं गायलं. ती भांडी मांडता मांडता हसत सुटली. म्हणाली, “त्यानं तुझं ऐकलं, हाच ना त्याचा गुन्हा? आता तू विचार.”

“आणि तो नाही म्हणाला तर?”

“तर ते नाहीच असेल.”

खरी भीती तीच होती. सिनेमातल्या नायकांना नकाराची भीती का नसते, ते मला तेव्हा कळलं. तो नकार कधी खरा असतच नाही. माझ्या पुढ्यात मात्र खराखुरा नकार येऊ शकत होता, आणि तो मला मानावा लागणार होता.

सिनेमाचं शेवटचं रीळ संपलं. उद्यापासून तो दुसऱ्या स्टुडिओत जाणार होता. जिन्यात त्याला गाठलं आणि धाप लागलेली असतानाच विचारलं, “आज... माझ्याबरोबर कॉफी घ्यायला येशील?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आज नाही,” तो म्हणाला.

बरं, असं म्हणून मी वळणार, तेवढ्यात तो घाईघाईनं म्हणाला, “अगं, आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. उद्या? उद्या येतो. नक्की येतो. खरं तर आजच... पण आई...” इतक्या नायिका जिंकलेला तो आवाज चिरकला होता.

मग मीही त्या दिवशीचं ताईच्या सामानाचं सांगितलं. तो कठड्याला टेकला. “म्हणजे मी इतके दिवस नुसताच झुरत होतो?”

“मीसुद्धा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कॉफी थंड होईपर्यंत आम्ही बोलत होतो. बोलता बोलता त्यानं आपला हात टेबलावर ठेवला... नुसता, तळवा वर करून, आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

मी त्याला थोडं थांबू दिलं. मग त्या हातात माझा हात ठेवला.