जिनिंगच्या पटांगणातल्या काचा

शहाऐंशीच्या दुष्काळात पुण्याच्या कंपनीनं मला उस्मानाबादेहून ईट गावाजवळच्या एका बंद जिनिंगवर पाठवलं. जिथं पूर्वी कापसाचे ढीग पडायचे, त्या पटांगणात प्रयोग म्हणून, तेव्हा नवलाईच्या असलेल्या सौर पॅनेलच्या रांगा उभ्या करायच्या होत्या. त्या विजेवर आवारातल्या खोल बोअरचं पाणी वर काढायचं, असं गावच्या पाणी सोसायटीनं ठरवलं होतं. तोवर गाव टँकरवर जगत होतं.

गाव पॅनेलना नुसतं 'काचा' म्हणायचं. काम मजेत चाललं होतं. बाया गाणी म्हणत वाळू-खडी वाहायच्या. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब स्वतः पाना घेऊन बोल्ट आवळायचे आणि एक आवळला की टाळी मागायचे.

अडचण एकच, फुफाटा. सकाळी बसवलेली काच दुपारपर्यंत मातीनं झाकून जायची. मग वीज इतकी कमी पडायची, की मोटार नुसती गुरगुरायची. कंपनीच्या पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं, चाचणीत पाणी चढलं नाही तर माल परत जाईल. आणि धुवायला पाणी आणायचं कुठून?

एका दुपारी जेवून आलो, तर कडेची रांग लखलखत होती. काचांवर ओल्या फडक्याचे पट्टे होते. खालच्या कडेला थेंब लोंबत होते.

"टँकरचं पाणी कुणी घेतलं?" मी विचारलं.

"असं कसं सायब?" पुतळाबाई म्हणाल्या. त्या पूर्वी याच जिनिंगवर कामाला होत्या. "प्यायला न्हाय, अन् काचा धुवायच्या?"

मी घागरी पाहिल्या. सगळ्या भरलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी रांगांसमोर बसून राहिलो. काहीच झालं नाही. मग पाठीमागं बांगड्या वाजल्या. वळून पाहिलं. मागची रांग ओली होती. खालच्या धुळीत पाऊल नव्हतं.

पुतळाबाईंना सांगितलं, तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. चेहरा मात्र उजळला होता.

"आमची हरणाबाई असंल. झाडलोट तिच्याकडं व्हती. जिनिंग चालू असतानाच गेली बिचारी. तिला घाण खपतच नव्हती. येऊ द्या तिला, सायब."

त्या दिवसापासून बाया जेवताना पटांगणाकडं पाठ करून बसू लागल्या. मीही.

चाचणीच्या दिवशी एकूण एक काच आरशासारखी होती. मी बटण दाबलं. पाइप आधी खोकला, मग टाकीत जाड धार कोसळली.

हलगी कडाडली. नानासाहेबांनी टोपी उडवली आणि पुण्याच्या साहेबांनाच नाचायला ओढलं. पुतळाबाईंनी पहिली घागर भरून हाक दिली, "हरणे, ये गं!" सगळे हसले.

मीही हसलो. वाकून ओंजळीनं पाणी प्यालो.

मानेवरून गार, ओलं फडकं फिरलं. हळूच, लेकराचा घाम पुसावा तसं.

लई बरं वाटलं. कोण म्हणून मान वर केली.

सगळं गाव समोर, टाकीपलीकडं नाचत होतं.