कणकेखालचं फिकट वर्तुळ

वाळलेली कणीक खरवडता खरवडता सुमेधाचा हात थांबला.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. तेव्हा कुठे खर्जाचा आवाज निघतो. वाजवून झालं की ती लगेच काढायची. पण काल एकादशीच्या भजनात, नेरूळच्या अख्ख्या सोसायटीसमोर, पखवाज फुटक्या डब्यासारखा बोलला होता. विलासने घरी येऊन तो कोपऱ्यात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. कणीक राहिली ती राहिलीच.

आता तिचा पोपडा निघाला, तो खालून तपकिरी. आणि कातड्यावर त्या जागी पुरीएवढं फिकट वर्तुळ.

वीस वर्षं हाताखाली मुरलेला रंग कणकेला लागेल कसा?

मांडीवरच्या नंदिनीने तेवढ्यात एक तुकडा तोंडात घातला आणि चेहरा वेडावाकडा करून थुंकला. सुमेधाने जिभेला लावून पाहिलं. तुरट.

"अहो, ही पुडी जुनी नाही. रंगवलीय."

विलास उठून बसला. "म्हणजे मंडळ म्हणतंय ते खरं. बुवांनी तो कातडी वाद्या ताणायला पनवेलच्या नझीरभाईकडेच दिला होता. त्यानेच जुनी काढून घेतली."

संध्याकाळी सभा होती. नझीरभाईकडे यापुढे कुणी वाद्य टाकायचं नाही, आजूबाजूच्या गावांतल्या मंडळांनाही कळवायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. पनवेलचं ते तीन पिढ्यांचं दुकान आठवड्यात बसलं असतं. नंदिनीच्या बारशाला याच माणसाने तळहाताएवढी डफली करून आणली होती. सुमेधाला ते विसरता येईना.

खरं तर पखवाजाशी तिचं सख्य नव्हतंच. 'माझी सवत' म्हणायची ती त्याला. विलासच्या गुरूंनी, नावड्याच्या पंढरीबुवांनी, गेल्या गुरुवारी आपला पखवाज विलासला दिला, तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले होते. हिच्या मनात मात्र आलं: आधीच नवरा तिकडचा, आता सवत कायमची घरात. एक गोष्ट तेव्हा तिला खटकली होती. देण्याआधी एकदा वाजवा म्हणून सगळ्यांनी आग्रह धरला, तर बोट दुखतंय म्हणून बुवांनी पखवाजाला हातही लावला नव्हता. विलासनेही त्यावरची पहिली थाप एकादशीसाठी राखून ठेवली होती.

तिने पोपडा पदरात बांधला, नंदिनीला कडेवर घेतलं आणि पनवेलची बस धरली.

नझीरभाई उंबऱ्यावर वादी कापत बसले होते. सभेचं त्यांच्या कानावर आलं असावं, कारण त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुमच्याकडे होता तेव्हा पुडी कुठली होती?"

"अब्बांनी चढवलेली. तिला हात लावायची माजी टाप नाय, वहिनी. आमी फक्त वाद्या ताणल्या."

"इथून कुणी नेला?"

"बुवांनी, सोता."

पुढचं तिला ठाऊक होतं. आठ दिवस पखवाज बुवांच्या घरी होता. मग देण्याच्या आदल्या दिवशी श्यामसुंदरने तो स्कूटरवरून आणला आणि पखवाज एक रात्र त्याच्याकडे राहिला. श्यामसुंदर हा बुवांचा थोरला शिष्य, फॅक्टरीत कॅन्टीन चालवणारा. पखवाज आपल्यालाच मिळणार, असं तो दोन वर्षं धरून चालला होता.

तिने पोपडा पुढे केला. नझीरभाईंनी वास घेतला.

"नवं कातडं जुनं दाखवायचं तर लोक धुरावर धरतात. ह्याला धुराचा वास नाय. नायतर चहाच्या पान्यात भिजवतात, नायतर काताच्या. चुना लावून बघा. पानात होतो तसा लाल झाला, तर कात."

समोरच्या पानवाल्याकडून तिने बोटभर चुना आणला. लावला. पोपडा हळूहळू लालसर झाला.

"वहिनी," नझीरभाई म्हणाले, "कात माज्या दुकानातपन हाय. खोटं कशाला बोलू?"

सुमेधाने पोपडा परत पदरात बांधला. "एका रात्रीत होतं हे काम?"

"रंगवून, सुकवून, चढवायला? तीन दिवस तरी हवेत."

तिथून ती नावड्याला गेली. बुवा देवळात होते. त्यांची बायको काशी दारात वाल सोलत होती. तिने आधी नंदिनीला मांडीवर ओढलं, मग सुमेधाला पाणी दिलं.

"बुवा पान खातात अजून?"

"कुठं गो. दात हालतान म्हनून दिवालीपास्नं बंद. तरी धा-बारा दिसांमागं कातानं बोटं रंगवून बसलं व्हतं. इचारलं तं म्हनं, घशाला."

मग काशीला आपसूकच जुनी आठवण झाली आणि ती पदर तोंडाला लावून हसली. श्रावणात एकदा माजघरात पखवाज वाजत होता आणि ती चुलीपुढून ओरडली, आज हात भारीच गोड लागलाय हो तुमचा, इतक्या वर्सांत असा नव्हता लागला. "तं बुवा न्हाणीतनं वलं डोकं घेऊन भायेर. वाजवीत व्हता तुजा नवरा!"

सुमेधा हसली नाही.

सभा सोसायटीच्या ऑफिसात भरली. नझीरभाई दाराशी उभे. बुवा खुर्चीत, डोळे मिटून. सुमेधा बोलायला उठली तेव्हा श्यामसुंदर म्हणाला, "वहिनी, कणकेवरून चोर पकडणार वाटतं?"

"हो," ती म्हणाली. "कणकेवरूनच."

तिने लाल पोपडा टेबलावर ठेवला. "हा कात आहे. मला आधी तुमचा संशय आला, श्यामभाऊजी. पण पखवाज तुमच्याकडे एकच रात्र होता, आणि हे तीन दिवसांचं काम. नझीरभाईंनी तर ही कात ओळखायची रीत मला स्वतःच शिकवली. चोर असते तर चहा म्हणून मोकळे झाले असते. उरले ते आठ दिवस. त्या घरात पान बंद आहे, तरी कात आला. आणि ज्यांनी पखवाज दिला त्यांनी देताना वाजवला नाही, कारण पहिल्याच थापेला सगळ्यांना कळलं असतं."

ती खुर्चीकडे वळली.

"बुवा, वाजवून झालं की कणीक लगेच काढायची, हे तुम्हीच शिकवलंत. काढली असती तर रंग सुटलाच नसता. पण ह्यांची काल एवढी मान खाली गेली, की तुमचा नियम पहिल्यांदा मोडला."

"बुवा असं का करतील?" विलासने उठून विचारलं.

"काशीकाकू एकदा हात ओळखायला चुकल्या म्हणून. मला हा रोग लांबून कळतो. गेल्या चातुर्मासात मी कणीक मुद्दाम घट्ट मळून दिली होती, भजनात गळून पडावी म्हणून. माणूस आपल्याच माणसावर किती जळतो, ते मला माहीत आहे."

विलासने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

बुवांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. धोतराच्या घडीतून जुनी पुडी निघाली. काठाला काळपट, मधे मऊ, हाताच्या उबेची.

"पेनच्या बाजारातनं जाड कातडं आनून चढवलं," ते म्हणाले. "ही घरी ठेवू दिली नाय मनानं, टाकूपन दिली नाय. चालीस वर्सांची बायको माजी. तिला तुजा हात माज्यापेक्षा गोड लागला, इलास. शिष्यानं हरवावं म्हनतात. म्हनायला सोपं हाय." मग ते उठले, दाराशी गेले आणि पुडी दोन्ही हातांनी नझीरभाईंपुढे धरली. "तुज्या बापाचं काम. तुजं नाव घेतलं तवा मी गप बसलो, ते माज्याकडनं सर्वांत वाईट झालं."

नझीरभाईंनी पुडी घेतली, अंगठ्याने काठ चाचपला. "परवा चढवून देतो," एवढंच म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सुमेधाने नावड्याला स्वतः कणीक मळली, सैल, कानाच्या पाळीसारखी. विलासने थाप टाकली आणि नंदिनी दचकून हसली.

आतून, चुलीपुढून, काशीचा आवाज आला. "कोन वाजवतंय?"

बुवा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी एक आवर्तन जाऊ दिलं.

"माजा इलास," ते म्हणाले.