म्हाळसाबाईला द्यायची खबर

उमरग्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दूर मुलखात लढाई पेटली होती. सडकेलगतच्या वाचनालयात दिवस कलला की माणसं जमायची. वाचता येणारी थोडी, ऐकणारीच फार. सोलापूरच्या मोटारीनं मराठी वर्तमानपत्र यायचं, हैदराबादेहून उर्दू. खाजाभाई दोन्ही वाचून दाखवायचा, उर्दूतली खबर साध्या मराठीत सांगायचा. आवाज खणखणीत, पार मागच्या खिडकीबाहेर ऐकू जाणारा.

त्या खिडकीबाहेर म्हाळसाबाई उभी असायची. बंडप्पा तेल्याच्या घाण्यावर ती कामाला होती. तिचा एकुलता एक व्यंकट पलटणीबरोबर सिंगापूरकडं गेला, त्यानंतर त्याचा ना कागद ना निरोप. पुरुषांत येऊन बसणं तिला बरं वाटत नसे. वाचन संपलं की खिडकीचे गज धरून ती हळूच विचारायची, "खाजाभाई, आमच्या येंकटची काय खबर?"

"खबर न्हाय, मावशी. वाईटबी न्हाय," तो म्हणायचा. तेवढ्यावर ती रात्र काढायची.

पटकीच्या साथीत म्हाळसाबाई गेली. मयतीला खाजाभाई स्वतः गेला होता.

साथ ओसरली, वाचनालय पुन्हा उघडलं. त्या संध्याकाळी वाचन आटोपून माणसं पांगली. खाजाभाई कंदील उचलणार, तोच करडईच्या तेलाचा वास आला. घाण्यावरून आलेल्या बाईच्या लुगड्याला येतो, तसला. खिडकीबाहेर कुणी दिसत नव्हतं.

"खाजाभाई... येंकटची काय खबर?"

पळावं असं मनात आलं. पण एवढ्या दिवसांची सवय, शब्द तोंडातून निघूनच गेले. "न्हाय, मावशी. वाईटबी न्हाय..."

वास विरत गेला.

मग हे रोजचंच झालं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो वाळत चाललेला बघून बायकोनं, रजियाबीनं, दर्ग्यातून ताईत आणून त्याच्या दंडाला बांधला. आपण उत्तर दिलं नाही तर ती आत येईल, ही त्याची भीती. पण पुढं पुढं भीतीपेक्षा कणवच जास्त वाटायला लागली. पोराची खबर मिळाली की बाई सुटेल, एवढंच त्याच्या मनात घोळायचं.

लढाई संपली. एका दुपारी मोटारीतून व्यंकट उतरला. रोडावलेला, करपलेला, पण व्यंकटच. बंडप्पानं त्याला ओळखून पोटाशी धरलं. आई गेल्याचं सांगितलं तेव्हा तो रडला नाही; ऊन लागावं तसे डोळे बारीक केले, बस्स.

संध्याकाळी खाजाभाईनं त्याला मुद्दाम वाचनालयात आणून बसवलं. वाचन झालं, बाकीचे गेले. व्यंकट सतरंजीवर तसाच बसून होता. तेलाचा वास आला. आज खाजाभाई आपण होऊन खिडकीशी गेला.

"मावशी, खबर हाय. तुमचा व्यंकट आला. हितं आत बसलाय."

मग गजाला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून आवाज आला.

"येंकट तर दुपारीच आला... हितं माज्याजवळ हुबा हाय." तिनंच पुढं विचारलं, "तुमच्याजवळ कोण बसलंय, खाजाभाई?"

खाजाभाईला मान वळवता येईना. मागं सतरंजी सरकल्याचं ऐकू आलं. त्याच्या खांद्यावरून एक हात पुढं आला. त्या हातानं खिडकीची झडप सावकाश ओढली, कडी लावली.

"वारं लई येतंय," व्यंकट म्हणाला.

व्यंकट गावातच राहिला. घाण्यावर लागला, लग्न केलं, भला माणूस म्हणून नावारूपाला आला. निजामाचं राज्य गेलं, वाचनालयाची पाटी बदलली, तरी तो रोज संध्याकाळी येऊन त्या झडपेला पाठ टेकून बसायचा. खाजाभाई मान वर न करता वाचायचा. वाचन संपलं की झडपेवर बाहेरून थाप पडायची. आधी एक हलकी, मागोमाग दुसऱ्या कुणाची तरी, जड.

व्यंकट तेव्हा खाजाभाई उठतोय का, तेवढं फक्त बघायचा.