व्हर्डनचा मग

त्या आठवड्यात केटल तिसऱ्यांदा कोरडी निघाली आणि सुनीतीचं डोकं फिरलं. पाणी ठेवून कपात टीबॅग टाकेपर्यंत केटल कोरडी ठणठणीत! रात्री भिजत घातलेले छोले सकाळी खडखडीत. देवापुढच्या भांड्यातसुद्धा थेंब नाही.

"हरीश, या घरात पाणी पितं कोण?"

"प्लंबरला बोलव," लॅपटॉपमधून मान वर न काढता नवरा म्हणाला.

प्लंबर आला, सगळे पाइप बघून "नो लीक, लव्ह" म्हणाला आणि गेला. हरीशने खांदे उडवले. सुनीती आणखीच भडकली. इंग्लंडात, रीडिंगला येऊन वीस वर्षं झाली, पण घरातलं काहीही बिघडलं की धावायचं तिनेच. हा आपला पहिल्या महायुद्धाची पुस्तकं वाचत बसणार.

ऑक्टोबरात तो मित्रांबरोबर फ्रान्सला, व्हर्डनला जाऊन आला होता. तिथे फ्रेंच आणि जर्मन दहा महिने खंदकांत समोरासमोर लढले, लाखो माणसं मेली आणि आघाडी मात्र जवळपास होती तिथेच राहिली. तिथल्या रानातून त्याने एक गंजका पत्र्याचा मग उचलून आणला होता. चिंचेने घासून किचनच्या खिडकीत ठेवला होता.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी साडेतीनलाच अंधारून आलं. खिडकीच्या आतून नेहमीप्रमाणे वाफ धरली होती. सुनीती फडकं घेऊन काच पुसायला गेली आणि थबकली. वाफेत आधीच पट्टे उमटले होते. खालून वर जाणारे, जेमतेम दोन बोटं रुंद.

ती बघत असतानाच आणखी एक पट्टा उमटला. अगदी सावकाश. त्याबरोबर आवाज आला... कोरडी जीभ काचेवर घासल्यासारखा, खरखरीत. ओल्या मातीचा आणि काहीतरी जळल्याचा वास नाकात शिरला.

"हरीश... इकडे ये. हळू."

तो आला, त्याने काच पाहिली आणि खिडकीतल्या मगाकडे बघितलं.

"तिथे एक किल्ला आहे, व्हो नावाचा," तो पुटपुटला. "वेढ्यात आतलं पाणी संपलं. सैनिक भिंतींवरची ओल चाटत होते. शेवटी तहानेपायी शरण गेले."

"आणि तो मग कुठला?"

"...त्याच किल्ल्यामागच्या रानातला."

"काही उचलू नका असा बोर्ड नव्हता?"

"होता."

सुनीती इतकी संतापली की घाबरायचंच राहून गेलं. तिने तो मग नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि ओट्यावर आपटला. "घ्या, प्या एकदाचं!"

कोणीही हात न लावता पाणी खाली खाली गेलं. तळाशी घोट गिळल्याचा आवाज झाला.

"उद्या पहाटे निघायचं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जिथून उचललास तिथेच ठेवून यायचं."

हरीश गेला. दोन दिवस घर शांत होतं. केटलमधलं पाणी केटलमध्ये राहिलं, छोले टम्म फुगले. सोमवारी दुपारी तिने ते शिजायला टाकले, तेवढ्यात गाडी ड्राइव्हवेत आली.

हरीश बुटांसकट किचनमध्ये शिरला. त्याने ग्लास भरला आणि बाहेर नेला. रिकामा घेऊन आला. पुन्हा भरला, पुन्हा नेला. चौथ्या वेळी सुनीतीने त्याचं मनगट धरलं.

"हे काय चाललंय? जेवलास का?"

"मागे बसलेत ना..."

"कोण?"

"तो मग ठेवून वळलो, तर हे गाडीत बसलेले. तिघं आहेत. एक फ्रेंच बोलतो, एक जर्मन. तिसऱ्याने अजून तोंडच उघडलं नाही."

"आणि भांडत नाहीत?"

"नाही गं. तहान लागलीय त्यांना."

सुनीतीने कपाळावर हात मारला. "एकाला सोडून ये म्हटलं, तर तीन घेऊन आलास?"

तिने मोठा तांब्या भरला आणि स्वतःच बाहेर गेली. मागच्या सीटवर कोणी दिसत नव्हतं. पण गाडी मागच्या चाकांवर पार दबली होती.

"या," ती म्हणाली. मराठीतच. दुसरं काही सुचलंच नाही.

गाडीची मागची बाजू जराशी वर आली. सुनीतीच्या हातातला तांब्या हलका झाला. थोड्या वेळाने गाडी आणखी वर आली. तांब्या रिकामा झाला. तिच्या दोन्ही बाजूंनी गार वारा गेला आणि पायऱ्यांवरून घरात शिरला.

ती थांबली. दारात हरीश उभा होता.

"तिसरा?" तिने कुजबुजत विचारलं.

हरीशने नकारार्थी मान हलवली. गाडी अजूनही एका बाजूला कललेलीच होती.

तेवढ्यात गाडीच्या आतून, बंद काचांआडून, सीटबेल्ट लावल्याचा आवाज आला... खट्.